विद्युल्लतेचा राजीनामा

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. दिवे मंद होतात, पडदा वर जातो.

स्थळ देवास. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या माझ्या घराचा वरचा मजला. मागच्या खिडकीतून रोपवेचे पाळणे वर जाताना, खाली येताना दिसतात. मध्यभागी एक लांब शिसवी टेबल. आमच्या नाट्यमंडळाच्या दरबारी प्रवेशांत हेच टेबल मखमल पांघरून सिंहासनापुढे उभं असायचं. आता त्याच्या दोन टोकांना दोन लॅपटॉप आहेत, एकमेकांकडे पाठ केलेले. भिंतीवर पांढरा फळा, फळ्यावर तीन रकाने. उजवीकडच्या दोन रकान्यांत आकडे आहेत. डावा रकाना कोरा, ओल्या फडक्याचा डाग अजून वाळलेला नाही.

फळ्यासमोर एक बाई उभी आहे. चाळिशी ओलांडलेली, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर.

"कोणी पुसलं?"

टेबलाच्या टोकाला बसलेला दाढीवाला मान वर न करता म्हणतो, "मी."

"का?"

"फुकट होतं म्हणून."

नाटकात असा पहिला संवाद मिळाला असता तर मी लेखकाचे पाय धरले असते. पण हे माझ्याच घरात, दुपारी साडेतीनला चाललेलं होतं आणि मी पोह्यांच्या दोन बश्या घेऊन दारात उभा होतो. दोघांपैकी एकानेही बशीकडे पाहिलं नाही.

ही बाई म्हणजे विद्युल्लता पोतनीस. मूळची धारची. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या संस्थानचा खजिना सांभाळला गेला, आडनावही त्यावरूनच पडलं. संस्थान गेलं, खजिना गेला, घर विकलं गेलं. वडील शाळामास्तर झाले. राहिलं ते भारदस्त आडनाव आणि त्याहून भारदस्त पाळण्यातलं नाव. ह्या नावानेच तिचा छळ मांडला. हिंदी शाळेत मास्तरांनी दाखल्यावर लिहिलं 'विद्युलता'. गुणपत्रिकेवर आलं 'विधुल्लता'. बँकेने तोडून 'विद्युत लता' केलं. इंजिनिअरिंगच्या शिष्यवृत्तीच्या वेळी खिडकीतल्या बाबूने तीन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सांगितलं, ह्या तीन वेगळ्या मुली आहेत. विद्युल्लता म्हणाली, "मग तिघींनाही द्या."

शिष्यवृत्ती अर्थातच मिळाली नाही. शिकली कशीबशी. पुढे इंदूरच्या एका कंपनीत बरीच वर्षं प्रोग्रॅम लिहीत राहिली, आणि एक दिवस तिथून उठून धारला आईजवळ येऊन बसली. त्या खिडकीतल्या बाबूला उत्तर म्हणून तिने जे तयार केलं त्याचं नाव 'जुळणी'.

मला समजलं तेवढं सांगतो. मोबाईलवरची ॲप्स बनवणारे जे डेव्हलपर असतात, त्यांच्यासाठीचं हे हत्यार आहे. दवाखान्याचं ॲप असो, शाळेचं असो, बँकेचं असो, त्यात जुळणी बसवली की ती नावं ओळखते. विद्युलता, विधुल्लता आणि विद्युत लता ही एकच बाई आहे हे तिला कळतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, कशातही लिहा. आम्हा माळव्यातल्या लोकांची नावं तीन लिप्यांत फरफटत असतात, त्यामुळे मी तर ऐकल्याबरोबर टाळी वाजवली होती.

स्वभाव मात्र असा, की तिच्यापुढे आमच्या मंडळातल्या सगळ्या तापट नायिका मवाळ वाटाव्यात. एका गिऱ्हाइकाने कळवलं, तुमचं टूल चालत नाही. तिने उत्तर पाठवलं, 'टूल चालतंय. तुम्ही थांबला आहात.' तो माणूस कायमचा थांबला.

दाढीवाला तो शुभंकर माने, तिचा भागीदार. वयाने बराच लहान. त्याचे वडील सांगलीकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. शुभंकर जन्मला देवासला, शिकला हिंदीत. मराठी बोलतो, पण आमच्या कानाला कळेल न कळेल अशी. आणि मराठी वर्तमानपत्राचा मथळा वाचला की खाली उतरत नाही. पण विकावं त्याने. विद्युल्लता धारमध्ये वर्षभर जुळणी कुरवाळत बसली होती तेव्हा गिऱ्हाइकं चार. शुभंकर आला आणि दोन वर्षांत एक दवाखाना, एक बँक आणि डझनभर कंपन्या आल्या. तेव्हाच त्यांनी माझा वरचा मजला घेतला.

एका गावात दोन राज्यं नांदवायची ह्या गावाला जुनी सवय. रस्त्याच्या एका बाजूला थोरली पाती, दुसऱ्या बाजूला धाकटी. माझ्या शिसवी टेबलाचंही तेच झालं. ती त्याला रागात 'कारखानदार' म्हणायची. तो तिला 'दरबार' म्हणायचा, आणि तेही तोंडावर.

आता त्या दुपारचं भांडण.

"इंदूरची ती कंपनी आहे ना, ताई," शुभंकर म्हणाला, "तिने चाळीस फुकट खाती उघडलीत. एका खात्यातली फुकटची हद्द संपली, की दुसरं. सर्व्हर मशीनचं भाडं अपन भरतोय आणि मजे ते मार रिये."

"मग त्यांना पकड. एकाने चोरी केली म्हणून गावाचं पाणी तोडतोस?"

"पाणी नाही, धंदा आहे. तीन प्लॅन ठेवू. छोटा, मधला, मोठा. छोट्यालाही पैसे. आणि दुसरी गोष्ट, नावं मोजून बिल नाही करायचं. मोठी पार्टी म्हणते, महिन्याचा एक आकडा सांगा, रोजची मोजणी कोण बघत बसेल? सिधी बात, डेव्हलपरमागे पैसे. जितकी माणसं, तितक्या खुर्च्या."

"बँकेच्या ॲपवर माणसं तीन. कुक्षीच्या त्या मुलाच्या ॲपवर माणूस एक. बँकेकडे नावं किती? लाखांनी. त्याच्याकडे? शाळेतली पोरं. म्हणजे बँकेला तिप्पट पैसे आणि हजारपट काम. असा हिशेब माझ्या आजोबांपुढे कोणी मांडला असता तर..."

"दरबार बरखास्त होऊन बहुत साल झाले, ताई."

इंदू, म्हणजे माझी बायको, खालून ओरडली, "अहो, छताचे पोपडे पडतायत! त्यांना सांगा, खाली माणसं राहतात!"

तेवढ्यात विद्युल्लतेचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं, फोन टेबलावर आपटला आणि स्पीकर सुरू केला. "ऐक. ह्याच्याबद्दलच बोलत होते."

तो कुक्षीचा मुलगा, नाव तरुण, आडनाव डावर. आश्रमशाळांसाठी हजेरीचं ॲप बनवत होता, कारण तिथल्या मुलांची नावं प्रत्येक रजिस्टरात वेगळी लागतात. विद्युल्लता त्याला फोनवर तास तास शिकवायची, म्हणजे तास तास शिव्या द्यायची. तो बिचारा त्या शिव्या लिहून घ्यायचा.

"मैडम, मेल आया है," तो म्हणाला, "कि पहली तारीख से पैसे लगेंगे."

"कुठला मेल?" विद्युल्लतेने विचारलं. तिने शुभंकरकडे पाहिलं. त्याने खिडकीबाहेरच्या पाळण्यांकडे पाहिलं.

"ऐप तो अभी बना ही नहीं, मैडम. पैसे किस बात के?"

शुभंकर फोनकडे वाकला. "भिया, दुकान है. सदाव्रत थोड़ी है."

"तो भिया, आपकी दुकान में कपड़ा पहन के देखने के भी पैसे लगते हैं क्या?"

शुभंकरने लाल बटण दाबलं.

"कापलास?"

"कटला."

"मेल मला न विचारता पाठवलास?"

"विचारलं असतं तर तुम्ही पाठवू दिला असता?"

"नाही."

"मग?"

ह्या 'मग'नंतर जे झालं ते छापण्यासारखं नाही. शेवटी दोघांना एकाच वेळी आठवलं की दारात मी उभा आहे. शुभंकर म्हणाला, "काकांना विचारू. काका, प्लॅन ठरवायचेत. तुम्ही सांगाल ते फायनल." विद्युल्लता म्हणाली, "सांगा काका. निदान तुम्हाला तरी लाज आहे."

प्लॅन! हा तर माझाच शब्द. मी बश्या ठेवल्या, खाली गेलो, ट्रंक उघडली आणि आमचा जुना प्लॅन घेऊन आलो. नव्या वाचकांसाठी सांगतो, नाटकवाल्यांचा प्लॅन म्हणजे सभागृहातल्या खुर्च्यांचा नकाशा. बुकिंगच्या खिडकीत तो पसरलेला असायचा, आणि खुर्ची विकली की तिच्यावर निळ्या पेन्सिलीने फुली. मी तो नकाशा दरबारी टेबलावर अंथरला, दोघांचे लॅपटॉप बाजूला सारून.

"ह्या पुढच्या चार रांगा," मी म्हणालो. "डॉक्टर, वकील, कारखान्याचे साहेब. ह्यांना महाग तिकीट लावलं नाही तर ते येतच नसत, स्वस्त म्हणजे वाईट असं त्यांना वाटे. ह्या मधल्या रांगा म्हणजे आपले नोकरदार. भाडं आणि दिवे ह्यांच्यावर निघायचे. आणि ह्या शेवटच्या. विद्यार्थी, गिरणीतली माणसं. नाटकातला विनोद आधी इथे पोचायचा, मग हसू पुढे सरकत यायचं. ह्या रांगा रिकाम्या असल्या की नाटक पडलंच."

"ऐकलंस?" विद्युल्लता म्हणाली.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण समोर प्रेक्षक असले की मला थांबता येत नाही, हा जुनाच आजार आहे.

"आणि ह्या कडेच्या खुर्च्या," मी म्हणालो, "पासवाल्यांच्या. फुकट्यांच्या. तिसऱ्या घंटेनंतर येणार, पुढची जागा मागणार, मध्यंतरात चहा कुठाय विचारणार, आणि शेवटच्या प्रवेशाआधी उठून जाणार. तिकीट काढलेला माणूस वाईट नाटकसुद्धा शेवटपर्यंत बघतो. फुकटा चांगलंही बघत नाही."

"वा काका!" शुभंकरने माझ्या पाठीवर थाप मारली. "देखा, ताई? चाळीस वर्षांचा अनुभव बोल रिया है."

विद्युल्लता माझ्याकडे वळली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणूनच तुमच्या मंडळाला कुलूप लागलं, काका."

मी नकाशा गुंडाळला. ते खरं नव्हतं, पण त्या वेळी मला वाद घालावासा वाटला नाही. रंगमंचावर आम्ही एकमेकांना ह्याहून तीक्ष्ण बोललो आहोत. पण तिथे निदान वाक्य दुसऱ्याने लिहिलेलं असायचं.

त्यानंतर आठवडाभर वरच्या मजल्यावरून आवाज आला नाही. आरडाओरड्याची मला सवय होती. त्या शांततेने मात्र इंदूलाही जेवण जाईना. मग एका सकाळी विद्युल्लता जिना उतरून आली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात तिचा चहाचा कप, दुसऱ्या हातात वरची किल्ली.

"ही ठेवा," ती म्हणाली. "राजीनामा मागितलाय माझा."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? कारखानदाराने. काल संध्याकाळी मेसेज आला. कागद तो तयार करतोय म्हणे, मी फक्त सही करायची. मी बनवलेल्या वस्तूवरून मलाच काढतोय." तिचा आवाज चढला नाही, ह्याचीच मला भीती वाटली. "धारला जाते. कागद तिकडे पाठवायला सांगा. वाचणार नाही, सही करीन. आणि काका, त्या दिवशी मी जे बोलले..."

"ते राहू दे."

"राहू देणारच आहे. तुम्ही चुकलाच होतात. पण मी बोलायला नको होतं."

एवढं म्हणून ती गेली. मी सगळं आयुष्य खोटे राग रंगवण्यात घालवलं. पण त्या दिवशी शुभंकर फाटकातून आत शिरला तेव्हा मला जो राग आला तो अगदी अस्सल होता.

"काय रे, तू तिला राजीनामा मागितलास?"

"हो, मागितला," तो म्हणाला. वर हसला! "तुम्हाला सांगितलं तिने? काय बोलली?"

"लाज नाही वाटत?"

"लाज कसली, काका? कधी ना कधी तर करायचाच होता. मी मोठेपणा घेतला, पहिला मीच बोललो."

"मोठेपणा!"

"मग? ती तर बोलली नसती ना. घमंड बघितलाय तिचा? मी कागदपण बनवलाय. रात्रभर बसून, मराठीत. वडिलांकडून दुरुस्तपण केला नाही, स्वतः टाईप केला." त्याने छातीवरची पिशवी थोपटली. मग त्याला माझ्या हातात वरची किल्ली दिसली आणि चेहरा उतरला. "गेली का? जवाब न देता?"

"कागद तिकडे आण म्हणाली. सही करील."

"सही करणार?" तो उडालाच. "चला मग, काका. आजच जाऊ. तुम्ही चला, एकट्याला मला डर लागतो."

मी निघालो. त्याच्यासाठी नव्हे. तिला एकटीला त्या कागदापुढे बसू द्यायचं नव्हतं म्हणून. गाडीत तो इंदूर ओलांडेपर्यंत बडबडत होता आणि मी शब्द बोललो नाही. घाटाबिल्लोदच्या पुढे तो म्हणाला, "काका, तुम्ही खूश नाही वाटत." मी म्हणालो, "गाडी चालव."

धारला विद्युल्लता आणि तिची आई, माई, शिक्षक कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहतात. माईंनी पाणी आणलं. शुभंकरला दिलं नाही, त्याच्यासमोर नुसतं ठेवलं. विद्युल्लता स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "कुठे करायची सही?"

"वाचून तर घ्या, ताई."

"काय वाचायचंय? माझं नाव असेल. तेही चुकलेलं." ती आली, कागद ओढून घेतला, पेनचं टोपण दातांनी काढलं, आणि सहीची जागा शोधताना थबकली. "विधूलता. धू दीर्घ! माणसाला काढून टाकताना निदान त्याचं नाव तरी नीट लिहावं!"

"जुळणीला विचारा ना," शुभंकरचाही पारा चढला. "तीच बाई आहे म्हणेल! तुमचंच टूल आहे!"

"माझं होतं."

"होतं म्हणजे?"

"वाच तरी गं," मी म्हणालो आणि कागद तिच्या हातातून घेतला. चष्मा लावला. सवयीने उभा राहिलो, सवयीने घसा साफ केला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'राजीनामा'. त्याखाली मी मोठ्याने वाचलं, "'आम्ही दोघे खाली सही करणारे, शुभंकर माने आणि विधूलता पोतनीस, आपल्या मर्जीने राजीनामा करतो की...'"

मी थांबलो. प्रॉम्प्टर झोपल्यावर थांबतो तसा.

"दोघे?" मी म्हणालो. "दोघे कसे? दोघांनी राजीनामा दिला तर दुकान कोण चालवणार?"

"तेच तर, दोघं मिळून," शुभंकर म्हणाला.

"आणि 'करतो' काय? राजीनामा देतात रे, करत नाहीत. तिला पाठवलेला मेसेज दाखव."

त्याने फोन पुढे केला. मी वाचलं: 'ताई खूप झालं. आता राजीनामा करून टाकू. कागद मी बनवतो, तुम्ही फक्त सही करा.'

"शुभंकर," मी विचारलं, "राजीनामा म्हणजे काय?"

तो आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला, आम्हाला वेड लागल्यासारखा. "राजीनामा म्हणजे राजीनामा. समझौता. दोघं राजी, म्हणून राजीनामा. लोकअदालतीत नाही होत? बाबांचा हात मशीनमध्ये गेला होता, केस किती वर्षं चालली. मग राजीनामा झाला. त्या दिवशी आई रडली, बाबांनी सगळ्या चाळीला मावाबाटी वाटली." त्याचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, चांगला शब्द आहे."

अख्खा जन्म देवासला काढलेला मी. कचेरीच्या हिंदीतला हा शब्द मला ठाऊक होता. पण तो मराठी बोलत होता, म्हणून मी मराठीच ऐकला.

माई पहिल्यांदाच बोलल्या. "आमच्या मामंजींनी एकदा दिला होता राजीनामा. वरच्यांशी पटलं नाही. पागोटं काढून टेबलावर ठेवलं आणि घरी आले. मरेपर्यंत त्या कचेरीच्या रस्त्याने गेले नाहीत. ह्या घरात तो शब्द कोणी उगाच उच्चारत नाही, बाळ." मग त्यांनी पाण्याचं भांडं उचलून शुभंकरच्या हातात दिलं.

मला वाटलं, आता मिठी, आता संगीत, आता पडदा. मी विद्युल्लतेला ओळखत नव्हतो असंच म्हणायचं.

"शब्द चुकला," ती म्हणाली, "म्हणून माणूस बरोबर ठरत नाही. वाचा काका, पुढे काय लिहिलंय."

पुढे लिहिलं होतं, की फुकटचा प्लॅन राहील, पण प्रत्येकाला सहाच महिने. मग छोटा, मधला, मोठा, डेव्हलपरमागे पैसे.

"सहा महिने!" ती कडाडली. "मूल सहा महिन्यांत चालतं का? तरुणचं ॲप सहा महिन्यांत उभं राहील? आणि ती इंदूरची कंपनी सहा महिन्यांनी एकेचाळिसावं खातं उघडील!"

"मग तुम्हीच सांगा! नुसतं नाही नाही! तुमच्या नाहीवर मशीन चालत नाही!"

"ओरडू नकोस माझ्या घरात."

"तुम्ही माझ्या ऑफिसात ओरडता ते?"

"तुझं ऑफिस?"

माई उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी खुर्चीत बसलो. विद्युल्लता माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात.

"काका, त्या दिवशी पासाचं मोठ्या तोंडाने सांगितलंत. तालमीला तिकीट लावलं होतंत कधी?"

"तालमीला? छे."

"का?"

"कोण देईल? तेव्हा नाटक उभंच राहिलेलं नसतं. नट अडखळतात, तलवारी सापडत नाहीत..."

"मग तो पोरगा काय वेगळं सांगत होता? ॲप बनलंच नाही, पैसे किस बात के!" ती शुभंकरकडे वळली. "बनवतो आहे तोवर फुकट. लोकांसाठी उघडलं, की पैसे."

शुभंकरने डोळे बारीक केले. विकणारा माणूस जागा झाला. "आणि वर्षभर तालीमच चालवली तर? चाळीस खात्यांत तालीम?"

"तालमीला माणसं किती असतात, काका?"

"आमच्याकडे दहाएक."

"दहा फोन. दहा फोनांवर चालेल, अकरावा जोडला की बंद. अकरावा आला म्हणजे प्रेक्षक आला. त्या कंपनीने चारशे खाती उघडू देत, दहा दहा फोनांनी ती काय लाखाची बँक चालवणार आहे?"

शुभंकर कागदाच्या मागे भराभर काहीतरी लिहू लागला. मग थांबला. "ठीक. पण उघडल्यावर फुकट नाही. कोणालाच नाही. कुक्षीवाल्यालापण नाही."

तिने पेनचं टोपण परत लावलं. तिला तो मुलगा डोळ्यांपुढे दिसत असावा.

"शेवटची रांग स्वस्त असते," मी म्हणालो, "पण तिकीट असतं."

"तुम्ही मध्ये बोलू नका, काका." ती शुभंकरकडे वळली. "शाळा चालवते ना ते ॲप. पैसे शाळा देईल. शाळेला परवडेल इतकेच. एका माणसाच्या महिन्याच्या चहाच्या बिलाहून जास्त नाही. आणि पैसे खुर्च्यांवर नाही. नावांवर."

"मोठी पार्टी मोजणी नाही मानणार. त्यांना एक आकडा पाहिजे."

"मग रांगा कर. इतक्या नावांपर्यंत हा आकडा, तितक्यांपर्यंत तो आकडा. रोज कोण मोजतंय? रांग बदलली की तिकीट बदललं. आणि पुढची रांग महाग कर. तू लावला होतास त्याच्या दुप्पट. ती माणसं स्वस्त असलं की येत नाहीत, हे काकांनीच सांगितलं."

शुभंकरने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रेम अजिबात नव्हतं, पण हिशेब होता, आणि भागीदारीत मला वाटतं तेच टिकतं. "दुप्पट मी मागितले असते तर तुम्ही मला दरोडेखोर म्हणाला असता."

"म्हणतेच आहे."

त्याने नवा कागद घेतला. सगळं नव्याने लिहिलं, तिच्यासमोर बसून, ती प्रत्येक ओळीला नाक मुरडत असताना. तिच्या नावाशी आला तेव्हा पेन वर धरून थांबला आणि विचारत राहिला, आणि ती मास्तरांच्या मुलीसारखी एकेक अक्षर सांगत गेली. द्‌ला य जोडायचा, उकार ऱ्हस्व. मग ल्‌ला ल. त्याने दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

त्याने कागद फिरवून तिच्यापुढे सरकवला. तिने खालून वर वाचला, ही तिची पद्धत आहे. नाव पाहिलं, रांगा पाहिल्या, तालीम पाहिली. पेनचं टोपण काढलं. मग नजर सगळ्यात वर गेली. सवयीने, आणि बापाच्या त्या मावाबाटीच्या आठवणीने, त्याने तिथे पुन्हा तोच शब्द ठळक अक्षरांत लिहिला होता आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

विद्युल्लतेने पेन कागदाला टेकवलं नाही. चष्मा कपाळावर ढकलला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"तो मथळा बदल आधी. नाहीतर खरंच देईन."